पहिल्या पाटीवरचा पाय

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, शके १८६०
जुनं शहर, अकोला

डॉक्टर म्हणाले, रोग्याचं रोजचं लिहून ठेवत जा. काय खाल्लं, झोप लागली का, हात हलला का, पाय हलला का. म्हणून वसंताने ही वही आणून दिली. वसंत माझा मुलगा, शाळेत मास्तर आहे. म्हणाला, "आई, तूच लिही. प्रमोदिनीला सिंधूच्या मागे पळता पळता उसंत नाही." आता मी काय लिहिणार? नांदगाव खंडेश्वरला दुसरीच्या वर्गात बसले होते, तेवढ्यात लग्न ठरलं. बेरजेच्या पुढे गेलेच नाही. पण अक्षर माझं गोल आहे. गुरुजी म्हणायचे, गोदीचं अक्षर म्हणजे अनारशावरची खसखस.

वर रोग्याचं नाव लिहायचं असतं म्हणे. ते मी सूनबाईकडून लिहून घेतलं, मोरोपंत. वही झाली म्हणून काय मी नवऱ्याचं नाव लिहायचं?

तर दिवाळीनंतरच्या अष्टमीला हे यजमानांकडची पूजा सांगून घरी आले, पाटावर बसले आणि कलंडले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. गेला म्हणजे हात जागेवरच आहे, पण शेजाऱ्याने ठेवायला दिल्यासारखा पडून असतो. डॉक्टर म्हणाले, येत्या दोन-तीन महिन्यांत परत येईल तेवढं येईल, पुढे आशा नाही. आणि औषधाने येत नाही, रोग्याने स्वतः जोर करावा लागतो. बसवा, उभं करा, बोलतं करा.

पण हे भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. मला कळतं काहून ते. उजव्या हाताशिवाय भिक्षुकाजवळ आहे काय? संकल्प सोडायचा तो उजव्या हाताने, गंध, अक्षता सगळं उजव्या हाताने. डाव्या हाताने घास घ्या म्हटलं तर तोंड घट्ट मिटतात. मी भरवते तेव्हा डोळे मिटतात.

मी ठरवलं आहे. यांना उभं करणार म्हणजे करणार.

आज: मऊ भात दोनदा. हात नाही. पाय नाही.


चतुर्थी

आज नत्थुजी आला. चौकातला पानवाला. मुंडासं काढून यांच्या पायाशी बसला आणि रडायलाच लागला. मी म्हटलं, "नत्थुजी, रडून झालं आमचं सगळ्यांचं. तू दुसरं काही बोल." त्याने नाक पुसलं. आता नत्थुजीला दुसरं असं एकच येतं, ते म्हणजे त्या वर्षीचं आट्यापाट्यांचं.

बारा वर्षं झाली त्याला. जुन्या शहराचा संघ होता. जवान पोरं भांडून मोरणा नदीपलीकडच्या नव्या आखाड्यात गेली आणि इकडे उरले सगळे चाळिशी-पन्नाशीचे. एकाला मोतीबिंदू, एकाला दमा, खुशालरावांचं पोट तर त्यांच्या आधी मैदानात पोचायचं. आमचे हे त्यांचे नायक. पन्नाशीला आलेले, पहाटे देवळात आणि संध्याकाळी पाटीवर. लोक म्हणायचे, पेन्शनीचा संघ. त्या पेन्शनीच्या संघाने त्या साली पातूर मारलं, माझं माहेर नांदगाव मारलं, आणि अमरावतीच्या मैदानात अमरावतीलाच हरवून जरीचं निशाण आणलं! तेव्हापासून जुन्या शहरात कोणाचंही लग्न असो, नवरदेवाच्या घोड्यापुढे ते निशाण चालतं. शेवटच्या डावात यांचा पाय पाटीच्या आत होता की बाहेर, हे भांडण अजून चालू आहे. ते मग लिहीन, शेगडीवर दूध आहे.

लिहिते. नत्थुजी त्या वेळी डफडं घेऊन संघाच्या मागे गावोगाव फिरला. स्वतः जन्मात पाटीत पाय घातला नाही, पण एकेक डाव त्याला तोंडपाठ. सांगायला लागला, "पातूरले पह्यला डाव होता न वैनी, महाराज तिसऱ्या पाटीवर उभे होते अन्..."

भिंतीकडून आवाज आला. "अंऽऽ!"

आम्ही दोघं दचकलो. यांचा डावा हात वर होता आणि एक बोट ताठ. एक. म्हणजे तिसऱ्या नाही, पहिल्या पाटीवर.

"हो न बाप्पा, पह्यल्याच!" नत्थुजीने कपाळ बडवलं. "मीच बह्याड! महाराज, पह्यल्याच पाटीवर होते तुमी!"

आजारपण आल्यापासून यांनी आपणहून केलेली ही पहिली गोष्ट. मी आत जाऊन देवापुढे गुळाचा खडा ठेवला.


षष्ठी

आज चंपाषष्ठी. वांगी भाजता भाजता एकच डोक्यात. बरोबर सांगितलं की हे नुसते ऐकत पडतात. चुकलं की हलतात. मग चुकीचंच सांगायला पाहिजे ना?

नत्थुजीला बोलावून म्हटलं, "रोज संध्याकाळी ये आणि सगळं चुकीचं सांग. कोण कुठे उभं होतं, कोणी कोणाला बाद केलं, सगळं."

त्याने दोन्ही कान धरले. "वैनी, तुमी म्हनान तर मोरनेत उडी घेतो. पन नांदगावच्या डावात महाराज बाद झाले असं ह्या तोंडानं सांगू? जीभ झडंन माही."

"अरे, यांच्याचसाठी."

"त्याहिच्यासाठीच तर नाई सांगत!"

मी भरीत-रोडग्यांचं ताट पुढे केलं आणि तूप सोडलं. दुसरा रोडगा संपल्यावर म्हणाला, "लहान-लहान चुका करतो. मोठ्या नोको सांगू मले."

पण त्याला खोटं बोलताच येत नाही. म्हणतो, "पातूरले त्या दिवशी भल्ला पाऊस होता," आणि यांनी डोळा उघडायच्या आत स्वतःच, "नाई नाई, ऊन होतं, कडक ऊन होतं." मी त्याच्या पायावर पाय दिला तर मोठ्यांदा म्हणतो, "वैनी, तुमचा पाय पडला माह्या पायावर." काय करावं या माणसाला! यांना काही कळलं नाही हे नशीब. तोंड भिंतीकडेच होतं. खांदे तेवढे हलून राहिले होते. थंडी वाजत असेल म्हणून मी दुलई घातली.

डॉक्टरांसाठी वेगळी चिठ्ठी करायची. ही वही त्यांना दाखवायची नाही.


दशमी

खुशालराव आले! पातूरच्या वाटेवर त्यांची काळी जमीन आहे, तिथून बंडी जुंपून आले. हुरडा, तुरीच्या शेंगा, बोरं, आणि एक भोपळा एवढा मोठा की सिंधू त्याच्यावर घोडा घोडा करून बसली. उतरेचना. चार वर्षांची झाली पण हट्ट आजीचा घेतला आहे पोरीने.

नत्थुजी चुकायला घाबरतो. खुशालरावांना मी अजून काही सांगितलंही नव्हतं, तर ते बसल्या बसल्या सुरू. "नांदगावले कोनं जितवलं? म्या! अमरावतीले कोनं जितवलं? म्या! पंत होते, नाई म्हनत नाई. पन पंत म्हंजे कसे, भजनात टाळ असते न, तसे."

यांनी मान वळवली. मग डाव्या कोपरावर आले. मी धरायला धावले तर मला डोळ्यांनीच थांबवलं. भिंतीला पाठ लावून उठून बसले, घामाने डबडबलेले, आणि तोंड वाकडं करून करून एक शब्द बाहेर काढला.

"खो...टं."

"खोटं?" खुशालराव लालेलाल झाले. "मी खोटा? पंत, आजारी हायेस म्हनून सोडून देतो तुले, नाई तं..." आणि तिथेच थांबले. काय ऐकलं ते तेव्हा कळलं त्यांना. एवढा मोठा माणूस, पण ओंडक्यासारखा यांच्या गळ्यात पडला. हुरडा तिकडे थंड झाला.

जाताना मी हळूच म्हटलं, "खुशालराव, उद्याही असंच खोटं सांगा."

"मी कवा खोटं सांगतलं?" म्हणाले. आणि खरंच रागावून बंडीत बसले.

आज: बसले. शब्द एक.


पौर्णिमा

दत्तजयंती. लिहायला वेळच नाही, असं चाललं आहे आमचं. ओसरीवर रोज संध्याकाळी सभा. नत्थुजी चुकतो, खुशालराव फुशारक्या मारतात, हे ओरडतात. चार शब्द यायला लागले. खोटं, नाही, चहा, आणि एक शिवी, ती लिहीत नाही. काल खांबाला धरून उभे राहिले. उजवा पाय फरफटतो पण भार घेतो. सूनबाई मालकांगणीचं तेल चोळते, मी पाय उचलून ठेवते.

हात तसाच.


वद्य सप्तमी

चार दिवस झाले, डॉक्टर येऊन गेले. पाय सुधारतो आहे म्हणून शाबासकी दिली. मग हात पाहिला, बोटांना टाचणी टोचली, उचलून सोडून दिला. ओसरीच्या पायरीवर वसंताला म्हणाले, "हाताची आशा धरू नका." हळू म्हणाले, पण आमचं घर केवढं! यांनी ऐकलं.

तेव्हापासून तोंड परत भिंतीकडे. परवा नत्थुजी बिचारा जिवावर उदार होऊन म्हणाला, "नांदगावच्या डावात महाराज पह्यल्या झटक्यात बाद झाले." म्हणून स्वतःच रडकुंडीला आला. हे हलले नाहीत. खुशालरावांनी सगळं निशाण एकट्याने आणलं. हे हलले नाहीत.

आज मी न्हाणीत जाऊन रडले. खरं ते लिहून टाकते. माझंच चुकून राहिलं का? थकलेल्या माणसाला निवांत पडू द्यायचं सोडून मी त्याला लोकांकडून चिडवून घेते. हा कसला संसार? सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, गोदे, तू बाई फार पुढे पुढे करतेस.

करते. मग कोणी करायचं?


वद्य दशमी

ठरलं. व्याह्यांना बोलवायचं.

व्याही म्हणजे हरिहरपंत, प्रमोदिनीचे वडील, अमरावतीला वकील. माणूस चांगला, पण त्या वर्षी ते अमरावतीच्या संघाचे चिटणीस होते! आता ते भांडण लिहिते.

आट्यापाट्यांत जमिनीवर आडव्या पाट्या आखतात. एकेका पाटीवर एकेक गडी उभा. समोरच्यांनी हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि तशाच परत यायचं. पाटीवाल्याने हाताने मारलं की ओलांडणारा बाद. पण मारताना त्याचा पाय पाटीच्या बाहेर गेला तर ते मारणं धरत नाहीत. अमरावतीचा सूर्यभान म्हणून पोरगा होता, हरणासारखा. तो सगळ्या पाट्या करून परतला होता, एकच पहिली पाटी राहिली होती. त्यावर आमचे हे. पन्नाशीचा माणूस, वाकला आणि मारला! पंचांनी निशाण आम्हाला दिलं. हरिहरपंत म्हणतात, मारताना पाय बाहेर होता.

बारा वर्षं म्हणतात. आमच्या वसंताच्या लग्नात सीमांतपूजनाला हरिहरपंत यांचे पाय धुवायला बसले, तेव्हा म्हणाले, "हाच ना तो बाहेरचा पाय?" हे ताम्हनातून पाय काढून उठले! वऱ्हाड परत निघायच्या बेतात. प्रमोदिनी बिचारी आत नटून बसलेली.

म्हणून आज ती म्हणाली, "आई, बाबांना नका बोलावू. त्यांना राहवायचं नाही, काहीतरी बोलतील."

"बोलावेत म्हणूनच बोलावते. कार्ड लिही. लिही की प्रकृती सुधारते आहे, आणि अमरावतीला पाय आतच होता असं सगळ्यांना सांगून राहिले आहेत."

"पण आई, त्यांना तर बोलताच येत..."

"तू लिही गं."


पौष शुद्ध द्वितीया

व्याही आले. बडनेऱ्याहून गाडीला फार गर्दी होती म्हणे. दारातूनच गरजत आले, "कुठे आहेत पंत? आत होता काय पाय?" आणि खोलीच्या उंबऱ्यात थबकले. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले, उजवा हात दुलईवर. व्याही सरळ मागच्या अंगणात गेले आणि किती वेळ तोंड धूत राहिले. डोळे लाल झालेले. म्हणाले, गाडीच्या इंजिनाचा कोळसा गेला डोळ्यात. मी गुलाबपाणी दिलं. दोन्ही डोळ्यांत कसा गेला कोण जाणे.


शुद्ध चतुर्थी

मला राग आला आहे. दोन दिवस झाले, व्याही यांच्या उशाशी बसून हळू आवाजात वर्तमानपत्र वाचून दाखवतात. पाय चेपतात. यासाठी बोलावलं का यांना? पाय चेपायला मी आहे.

आज ओसरीवर सरळ विचारलं. म्हणाले, "विहीणबाई, आजारी माणसाशी भांडू?"

"मग काय बऱ्या माणसाशी भांडाल? तुम्ही वकील ना? मग यांना सोडू नका. सगळे यांना बिचारे म्हणून राहिले आहेत. तुम्ही एकटे राहिलात ज्यांनी बिचारे म्हटलं नाही."

त्यांनी उपरणं झटकलं, गळा साफ केला आणि आत जाऊन असा आवाज लावला की सिंधू भोपळ्यावरून खाली उतरली.

"मोरोपंत! इकडे पाहा. डाव कितवा होता? तुमचं तोंड कोणत्या दिशेला होतं? सूर्यभान तुमच्या डाव्या अंगाने गेला की उजव्या? बोला. पाय बाहेर होता की नव्हता? गप्प राहाल तर कबूल केलं असं धरीन."

हे वळले. मला वाटलं, वाचा पूर्ण आली.

"ना...ही! नाही!"

"पुरावा?"

यांनी दुलई लाथाडली. डाव्या पायाने, पण लाथाडली. अंगणाकडे बोट दाखवलं.

"जागेवर पाहणी?" व्याही म्हणाले. "मंजूर. परवा सकाळी. खुशालरावांना बोलवा."


शुद्ध षष्ठी

काय लिहू आणि किती लिहू!

सकाळी अंगण सारवलं, चुलीतली राख घेऊन नत्थुजीने पाटी आखली. इतकी सरळ की पुसायचं मन होईना. खुशालराव शेतावरून बंडीत आले, येताना भरल्या वांग्यांची भाजी, कारण त्यांच्या मते आमच्याकडे तिखट कमी असतं. हे वसंताच्या खांद्यावर हात टाकून अंगणात आले. मग वसंताला बाजूला केलं. डाव्या हातात काठी. पाटीवर उभे राहिले.

डावा पाय आत. उजवा फरफटत आला आणि राखेच्या रेघेपलीकडे जाऊन थांबला. मला तर सरळ बाहेर दिसला. नत्थुजीने तोंड फिरवलं. खुशालराव आभाळाकडे पाहायला लागले.

व्याही पुढे आले. चष्मा लावला, गुडघे टेकून खाली बसले, पायाकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं. मग उभे राहिले आणि म्हणाले, "आत आहे."

हरले! बारा वर्षांनी हरले एकदाचे! मी तर टाळी वाजवणार होते. पण यांचं मला काही कळलं नाही. यांनी पायाकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे पाहिलं, आणि मान हलवली, नाही म्हणून. काठी टाचेला लावून तो पाय इंच इंच ढकलत रेघेच्या आत आणला. घाम पुसला नाही. मग म्हणाले, "आता." व्याही मान्य करून बसले होते, मग काहून एवढी मेहनत?

"आता गडी पाहिजे ओलांडायले," खुशालराव म्हणाले. "मी गेलो असतो, पन माहा गुडघा..."

"तुह्या गुडघ्याच्या आधी तुहं पोट बाद होईन," नत्थुजी म्हणाला.

"तू जाय मंग!"

"मी पायनारा मानूस हावो. म्या कधी पाटीत पाय नाई घातला, आता म्हतारपनी काय घालू?"

वसंत बापासमोर उभा राहायला संकोचतो. व्याही तर अमरावतीचे, त्यांना हे सुखासुखी जाऊ देतील का! मग मी पदर खोचला.

सूनबाई म्हणाली, "अहो आई!" व्याही पटकन भिंतीकडे वळून तंबाखू मळायला लागले. मी म्हटलं, "नऊवारीत काय अडतं? तुम्ही सगळे इकडे पाहा."

पहिल्यांदा यांच्या डावीकडून गेले. यांनी काठी टाकून डाव्या हाताने मला अशी चापट दिली खांद्यावर! "बाद!" काय स्पष्ट शब्द! खुशालराव हसून हसून खाली बसले. "वैनी, असं सरळ जातेत काय? हूल द्या न, हूल!"

मग मी समोर उभी राहिले आणि यांच्या डोळ्यांत पाहिलं. संसार झाला एवढा, पण असं समोरासमोर उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. जवान माणसासारखे डोळे चमकून राहिले होते. मी मनाशी म्हटलं, डावीकडून गेले तर हे दर वेळी डाव्याच हाताने मारतील. उजवी बाजू मोकळी आहे. तिथून जाणं लबाडी आहे. असू दे.

डावीकडे झुकले, पदराचं टोक तिकडे उडवलं, आणि झटकन उजवीकडून घुसले.

आणि तो हात आला.

वर नाही आला. कमरेएवढाच आला, वाकडा, मनगट लोंबतं. पण खांद्यापासून आला, त्याच्या मनाने आला, आणि माझ्या मनगटावर लागला. खट्कन आवाज झाला.

हे स्वतःच्या हाताकडे पाहत होते, जणू दारात कोणी पाहुणा आला आहे. मग हळूच म्हणाले, "बाद."

नत्थुजी पळत सुटला. डफडं आणायला घरी गेला म्हणे. खुशालराव, "मारलं! पंतांनं उजव्यानं मारलं!" करून सगळ्या जुन्या शहराला ऐकवत होते, आणि मुख्य म्हणजे या वेळी "म्या मारलं" म्हणाले नाहीत. व्याह्यांनी परत डोळ्यांना उपरणं लावलं. त्यांना आमच्या अंगणातली राख सोसत नाही.

जेवताना मी यांना भरवायला बसले तर यांनी माझा हात बाजूला केला. डाव्या हाताने उजवा उचलला, ताटात ठेवला. भात काही बोटांत येईना. तिसऱ्यांदा चार शितं आली. तोंडापर्यंत पोचेस्तोवर दोन राहिली. सगळं ताट संपेपर्यंत आम्ही कोणी हात धुतला नाही.

मी व्याह्यांना वाढता वाढता म्हटलं, "झालं ना आता? आत होता ना पाय?"

त्यांनी कढीचा भुरका घेतला. "आजचा निकाल आजपुरता, विहीणबाई. अमरावतीचा पाय बाहेरच होता."

"खोटं!" हे गरजले. ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. व्याही म्हणजे कसा हट्टी माणूस बाई! जिंकल्याचा आनंद म्हणून जेवणभर मिळू देत नाही. वर म्हणतात, महिन्याच्या महिन्याला येऊन जागेवर पाहणी करीन. या म्हटलं.


शुद्ध सप्तमी

सूनबाई सकाळपासून कुजबुजते आहे. कालच्या खट्कन आवाजात माझी हिरवी बांगडी वाढली. नवऱ्याच्याच हाताने वाढली, काही अशुभ तर नाही ना, शांत करायची का, म्हणून घाबरली आहे पोर. मी म्हटलं, अगं, मेल्या हाताने काचेची बांगडी वाढते का? त्या हातात जीव आहे म्हणून वाढली. डॉक्टरांनी टाचणी टोचली होती, त्यांना या बांगडीचे तुकडेच दाखवते.

हे ओसरीवर बसून नत्थुजीला पाटी परत आखायला लावत आहेत. रेघ वाकडी आहे म्हणतात. पाच शब्दांत म्हणतात, पण म्हणतात.

संक्रांतीचा कासार उद्या आपल्या गल्लीत येणार आहे. दोन्ही हातांत भरून झाल्यावर वर आणखी डझनभर घेऊन ठेवणार आहे. रोज खेळायचं आहे आम्हाला.